पुढच्या सीटवरची दुर्बीण

गाडी बाईंची होती, म्हणून सगळा घोळ झाला.

बाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. शहरातल्या निम्म्या घाबरटांच्या हाती स्टिअरिंग त्यांनीच दिलं होतं. गाडी छोटीशी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे पायाशी बाईंचा स्वतःचा जादा ब्रेक. शिकणारा खांबाच्या दिशेने निघाला की बाई बोलणं न थांबवता तो ब्रेक दाबायच्या आणि पुढचं वाक्य पुरं करायच्या.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत, बाई चिडल्या की त्यासुद्धा. जन्मभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढी चाकं बघणाऱ्या या माणसाला साठी जवळ आल्यावर एकदम लांबचं बघायची हुक्की आली आणि त्यांनी दुर्बीण घेतली. डॉबसोनियन म्हणतात ती. छातीपर्यंत येणारी जाडजूड नळी, तिच्या बुडाशी आरसा, बघायचं भिंग वरच्या टोकाजवळ कडेला, आणि नळी बसवायला फिरतं लाकडी खोकं. मोटार नाही, तिपाई नाही. हाताने ढकलायची आणि बघायचं.

पण ढकलायची फक्त घड्याळजींनी. बाकी कुणी तिला बोट लावायचं नाही, असा घरात कायदा झाला.

बाईंनी तो पहिल्याच आठवड्यात मोडला. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे त्या घरी यायच्या, तेव्हा घड्याळजी दुकानात असायचे. बाई खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघायच्या. टाकी उलटी दिसायची, टाकीवरचा कावळाही उलटा, आणि तो डावीकडे सरकला की दुर्बिणीत उजवीकडे जायचा. रोज लोकांना रिव्हर्स शिकवणाऱ्या बाईला त्यात नवल नव्हतं. दोन बोटांचा हलका रेटा दिला की कावळा पुन्हा मधोमध. मग त्या नळीला टोपी घालून, वर जुनी चादर होती तशीच टाकून, शहाण्यासारख्या पुन्हा शिकवायला जायच्या.

आता दादा. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. इमारतींची कंत्राटं घ्यायचा, आणि दादाला जगातलं काहीही सांगा, त्याने ते आधीच बघितलेलं असायचं. दुर्बिणीची बातमी कळताच त्याने फोनवर विचारलं, "शनीची कडी दाखवणार म्हणे? मी पाहिलीत की. नुसत्या डोळ्यांनी दिसतात, फक्त नजर पाहिजे."

घड्याळजी तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हे त्यांना झोंबलं. "येत्या रविवारी तुमच्या अंगणात आणतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दादाचं घर शहराबाहेर आहे आणि आपल्याला गाडी चालवता येत नाही.

रविवारी दुपारी दुर्बीण खाली उतरवताना घड्याळजींनी प्रत्येक पायरीवर "हळू" म्हटलं. मागच्या सीटवर नळी आडवी मावेना. डिकीत तर तिचा प्रश्नच नव्हता. शेवटी पुढची सीट मागे सारून पाठ कलती केली आणि रजईत गुंडाळलेली नळी तिथे बसवली, जड बूड खाली पायाशी. बाईंनी तिला पट्टा लावला. घड्याळजी मागे बसले, मांडीवर लाकडी खोकं घेऊन. त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"माझी जागा तिला दिलीस," खोक्यामागून आवाज आला.

"तिचा आरसा हलेल ना. तुमचं काय हलणार आहे?"

गाडी सुरळीत चालली होती. मोठ्या चौकाच्या अलीकडे एक गतिरोधक होता. बाईंनी तो इतका अलगद घेतला की एखादीचं बाळ जागं झालं नसतं. पण नळी दोन बोटं खाली घसरली, जादा ब्रेकवर जाऊन बसली, आणि गाडी चौकाच्या मधोमध खाडकन थांबली.

"हे काय चालवणं झालं?" घड्याळजी म्हणाले.

इतक्या वर्षांत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली, जागची हलली नाही. मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. वाहतुकीचा हवालदार शिट्टी तोंडात धरूनच आला, पाटी बघितली, आणि शिट्टी काढून म्हणाला, "शिकाऊ कोण आहे यात?"

बाईंनी शेजारी बोट दाखवलं. "हे."

हवालदाराने वाकून रजईकडे बघितलं. रजईतून गोल काळी टोपी तेवढी बाहेर आली होती.

"पट्टा लावलाय," बाई म्हणाल्या. "पहिलाच दिवस आहे, घाबरलेत जरा."

मागून घड्याळजी कळवळून म्हणाले, "साहेब, दुर्बीण आहे हो ती. आत आरसा आहे."

हवालदार काही हसला नाही. त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन दार उघडलं, खाली बघितलं आणि तितक्याच गंभीरपणे बाईंना म्हणाला, "यांना सांगा, पाय ब्रेकवरून काढा." मग स्वतःच नळी उचलून वर सरकवली, बुडाखाली बाईंची पर्स कोंबली, आणि हात दाखवून चौक मोकळा करून दिला.

पुढचा सगळा रस्ता घड्याळजी खोक्यावरून वाकून नळीकडे बघत होते. बाईंना मात्र मधेच हसू फुटायचं, आणि त्या ते खोकल्यावर निभावून न्यायच्या.

दादाच्या अंगणात खोकं मांडलं, नळी त्यात बसवली. रस्त्यात हललेला आरसा घड्याळजींनी पेचकसाने पुन्हा जागेवर आणला. दादा हात पाठीमागे बांधून सूचना देत होता, "अजून थोडं डावीकडे घ्या मेहुणे," आणि डावीकडे काय घ्यायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दादाची बायको, म्हणजे वहिनी, खुर्च्या आणता आणता म्हणाल्या, "लोक शनीपासून लांब पळतात, आणि तुम्ही त्याला घरी घेऊन आलात."

अंधार पडला. घड्याळजींनी शनी शोधायला बराच वेळ लावला, पण सापडल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की बाईंना ते क्षणभर लग्नाच्या वेळचे वाटले. तेवढ्यात दारावरचा दिवा आपोआप लागून सगळं अंगण उजळलं. दादाने ती सोय मुद्दाम करून घेतलेली.

"मी बंद करून येतो, बटण आत कुठंय?" घड्याळजी म्हणाले, आणि जाता जाता बाईंना बजावलं, "तू फक्त राखण कर. हात अजिबात लावू नकोस."

"नाही लावत," बाई म्हणाल्या.

आता डॉबसोनियनचं असं आहे की ती स्वतःहून हलत नाही. पृथ्वी मात्र फिरत असते. लावलेला शनी थोड्याच वेळात भिंगाच्या कडेने बाहेर निघून जातो, आणि त्याला परत आणायला दोन बोटांचा रेटा लागतो. बाईंनी डोकावून पाहिलं. शनी कडेला टेकला होता. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

दिवा विझला. दादा फोनवर कुणाला तरी सिमेंट पाठवायला सांगत होता, ते उरकून सावकाश आला आणि भिंगाला डोळा लावला.

"दिसला?" बाईंनी विचारलं.

दादाने भिंगाला डोळा आणखी दाबला. "दिसला म्हणजे काय. अगदी ठसठशीत."

"कडी?"

"कडी आहेत ना. चांगली जाड आहेत."

"किती आहेत रे?"

"अगं, अशी मोजता येतात का?" दादा म्हणाला. "पण भरपूर आहेत."

वहिनी पुढे झाल्या. डोळा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला. "मला तर नुसता अंधार दिसतोय."

"तुझा नंबर वाढलाय," दादा म्हणाला. "तपासून घे उद्या."

वहिनींनी मान वळवून नणंदेकडे पाहिलं. बाईंच्या खांद्यांना बारीक हिसके बसत होते. वहिनींना सगळं कळलं असं नाही, पण पुरेसं कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही जरा बघता का?"

बाईंनी कायदा पुन्हा मोडला. दोन बोटं, हलका रेटा, आणि शनी येऊन मधोमध बसला. वहिनींनी पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप बाईंच्या मनगटावर आला. "अहो, हे खरंच तसं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"बघू," म्हणून दादाने त्यांना बाजूला केलं.

या वेळी तो वाकला तसाच राहिला. घड्याळजी आतल्या अंधारात चाचपडत घरातून परत आले, त्यांनी बाईंचा हात नळीवर पाहिला, आणि ओरडायला तोंड उघडलं. पण बाईंनी बघता बघता आणखी एक रेटा दिला होता, दादाच्या डोळ्यासमोरून शनी जराही न हलवता. घड्याळजींचं तोंड तसंच उघडं राहिलं.

अखेर दादाने डोळा काढला. कंबर चोळत म्हणाला, "छान आहे. पण मघाशी यापेक्षा मोठा दिसत होता."

वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाल्या. घड्याळजी समजावून सांगायला निघाले, "दादा, असं होऊ शकत नाही, कारण भिंग तेच..." पण बाईंनी त्यांना डोळ्याने गप्प केलं.

निघायच्या वेळी घड्याळजी आणि वहिनी रजई शोधायला आत गेले, तेव्हा दादा पुन्हा दुर्बिणीपाशी आला. "एकदा लाव ना," तो म्हणाला. बाईंनी लावून दिला. तो बराच वेळ बघत राहिला. मग भिंगाला डोळा तसाच ठेवून, आवाज उतरवून त्याने विचारलं, "मघाशी पहिल्यांदा... होता का गं तो तिथे?"

"नव्हता."

दादाची पाठ हलायला लागली. आधी बाईंना काळजी वाटली, मग कळलं की तो हसतोय. हसण्याने त्याचं कपाळ नळीवर आपटलं आणि शनी पार गेला.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"वहिनींना ठाऊक आहे."

"तिला असणारच." दादाने डोळे पुसले. "ते कसं ढकलायचं, ते मला दाखव आता."

घड्याळजी रजई घेऊन दारात आले, तर अंगणात दादा नळीला दोन बोटं लावून उभा होता, आणि बाई शिकवताना वापरतात त्याच आवाजात त्याला सांगत होत्या, "घाई नाही. उलट्या बाजूला. हळू."