देवकाकाकूंची ओटी

"ओटी भरताना आधी बाईचं कपाळ पाहाजो मोहिनी, मंगच सुपात हात घालजो."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण सुपात तांदूळ घेतले की मोहिनीताईंच्या कानाशी हा आवाज हटकून येई. तो शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच मुळी. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, तोवर चहाचा घोटही नाही. सावंगीच्या त्यांच्या कॉलनीत कोणाचं उद्यापन असो की डोहाळजेवण, शंका निघाली की बायका म्हणत, "मोहिनीताईंना विचारा."

त्या दुपारीही तसंच झालं. महिला मंडळाची बैठक त्यांच्याच घरी होती. मंडळाची भुलाबाई, म्हणजे गाणी म्हणून पुजायची मातीची पार्वती, दसऱ्याला बसायची आणि कोजागरीला उठायची. यंदा सांगतेच्या कार्यक्रमात आपल्या भागातल्या कलावंतांचा आणि कलेला हात देणाऱ्यांचा सत्कार करायचा, असं ठरलं होतं. दोन नावं एकमतानं आली. एक रोहण्याच्या देवकाबाई. पन्नास वर्षं मातीच्या भुलाबाई घडवणाऱ्या, शंभरावर गाणी तोंडपाठ असलेल्या. दुसरे ताराचंदजी, कापडाचे व्यापारी. मंडप त्यांचा, कापड त्यांचं, आणि बारा वर्षांत कधी फलकावर नाव मागितलं नाही.

अध्यक्षा रीताताई कार्यक्रमाचा क्रम वाचू लागल्या. "आधी भुलाबाईपुढे ओटी, मग शाल, मग सन्मानपत्र..." आणि मध्येच थांबल्या. "थांबा हं. देवकाबाईंचे मालक?"

"तानबाकाका जाऊन अकरा वर्षं झाली," मोहिनीताई म्हणाल्या. रोहणा त्यांचं माहेर. लहानपणी त्या देवकाकाकूंच्याच अंगणात गाणी शिकल्या होत्या.

रीताताईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"मग काय झालं?" वेदश्री म्हणाली. ती मंडळात सगळ्यांत लहान, कॉलेजात शिकवायची. "सत्कार त्यांच्या कलेचा आहे ना?"

"तुमच्या कॉलेजात चालत असेल, वेदश्री. आमच्या घरी नवरे आहेत!"

"माझ्या घरीही नवराच आहे, रीताताई. मी काही मांजर पाळलेलं नाही."

बायका हसल्या, पण नजरा मोहिनीताईंकडेच वळल्या. मोहिनीताईंच्या डोळ्यांपुढे मागच्या श्रावणातला तो रुग्णालयाचा दरवाजा आला, आणि त्याच्या आत नेलेले त्यांचे यजमान, केशवराव. हृदयविकाराचा झटका होता. तेव्हापासून कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडं राहिलं तरी त्या हातातलं काम टाकून ते लावायला धावायच्या.

"असं करू," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्या सुनेला वर बोलावू. ओटी, शाल मयुरी घेईल. काकूंना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची देऊ."

सगळ्यांना हायसं वाटलं. वेदश्रीनं वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "आणि सन्मानपत्रावर नाव कोणाचं लिहायचं?"

रीताताईंनी पुढचा मुद्दा वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची मूर्ती आणायला आणि निरोप सांगायला मोहिनीताई रोहण्याला गेल्या. देवकाबाईंच्या ओसरीत पोत्यांवर ओळीनं भुलाबाई वाळत होत्या. शेजारी भुलोजी, मांडीवर इवलासा गणपती. देवकाबाई तुराटीची बारीक काडी कुंकवात बुडवून एकेका कपाळावर टिकली ठेवत होत्या. ऐंशीला टेकलेला हात, पण टिकली जराही फाकत नव्हती.

"आली का माय! काऊन इतकी वाळली वो? नवऱ्याले खाऊ घालतं, अन् सोता उपास करतं काय?"

मयुरी पाणी घेऊन आली. "मावशी, काल तुमचा सत्काराचा फोन आल्यापासून यांचं सुरूच आहे. स्टेजवर कोणतं गाणं म्हनू, कोणतं म्हनू! रात्री भाजी जळली, तरी गाऊनच राह्यल्या होत्या."

"चूप वो!" देवकाबाई लाजल्या. "पन्नास वर्सांत पयल्यांदा कोणी बोलावलं. मंग गळा नोको का साफ करू?"

हे ऐकल्यावर सांगायचं कसं? पण मोहिनीताईंनी सांगितलं. ओटी, रीत, मयुरी, मानाची खुर्ची. सांगताना त्यांची नजर ओसरीतल्या पोत्यावर होती.

हातातली काडी देवकाबाईंनी वाटीच्या काठावर टेकवली.

"बराबर हाय बाई. मयुरीले पाठवतो. मी कायले येऊ आता? गुडघे दुखते." मग त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "अन् मोहिनी, एक सांग. या मूर्तीचं कुंकू मीच लावतो. ते चालन का मंडळाले? नाई तर पुसतो, अन् मयुरीच्या हातानं लावून देतो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं! टोमण्याला उत्तर देता येतं. मोहिनीताई कशाबशा "राहू द्या काकू" म्हणाल्या आणि मूर्ती पदराखाली घेऊन निघाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांना स्वतःचा राग येत होता, मंडळाचा येत होता, देवकाकाकूंच्या सरळपणाचाही येत होता. मी काय वाईट केलं? रीत काय मी काढली? असं मनाशी घोकत त्या घरी आल्या.

शाली निवडायला त्या ताराचंदजींच्या दुकानात गेल्या तेव्हाही त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. ताराचंदजींनी स्वतः ताग्यांची चळत उतरवली.

"ताई, माझा सत्कार कशाले ठेवला जी? मी काय गातो का? घरात सूर लावला तर नातू कान झाकते." ते हसले. "बरं, करता काय काय?"

"कुंकवाचा टिळा, शाल, श्रीफळ."

"अन् देवकाबाईचं?"

मोहिनीताईंनी सांगितलं. ताराचंदजींचा शाल उलगडणारा हात थांबला. हसू मावळलं.

"ताई, माझी शांता जाऊन चार वर्षं झाले. चार वर्षांत किती जागी मले टिळे लागले. शाळेत लागले, देवळात लागले, तुमच्याच मंडळात दोनदा लागले. एका तरी बाईनं विचारलं का, शेठजी, तुमची घरवाली हाय का नाई?"

मोहिनीताईंनी समोरची शाल बाजूला सारली.

"माझं कपाळ कोणी पाहिलं नाई. मग तिचंच काऊन पाहता? मी देल्लं काय, तर कपडा. तो दुकानात पडलाच राहते. त्या माउलीनं उभा जन्म देल्ला. तिच्या हातचा देव चालते तुमाले, अन् ती चालत नाई? ये कौनसा न्याय हुआ, ताई?"

"शेठजी, रीतभात असते. आम्ही बायका घाबरतो हो..."

"घाबरा ना! पण घाबरून सत्कार कायले करता? आधी देवकाबाईले टिळा लागन, त्याच्या बाद मले. नाई तर माझं नाव काटून टाका. मंडप येईन, कपडा येईन, मी नाई येणार."

मोहिनीताई शाली न घेताच घरी आल्या. सारी जिंदगी नेमधर्म पाळला, आणि आता धर्म मला कापडवाल्यानं शिकवायचा? त्या तणतणतच देवघरापुढे बसल्या. दसऱ्याला मंडपात न्यायची म्हणून भुलाबाई तिथेच ठेवली होती. मोहिनीताईंनी करंडा उघडला, कुंकवाचं बोट मूर्तीकडे नेलं, आणि बोट हवेतच राहिलं.

त्या कपाळावर कुंकू आधीच होतं. तुराटीच्या काडीनं लावलेलं, गोल, नेटकं. अकरा वर्षं हेच कुंकू! अकरा वर्षं त्या याच कुंकवाला हात जोडत आल्या, अशाच मूर्तीपुढे केशवरावांचं आयुष्य मागत आल्या, आणि देवीनं ते दिलंही! देवीला जो हात चालला, तो मोहिनीला चालत नव्हता! आपण देवीपेक्षा सोवळ्या कधी झालो?

त्यांचे डोळे भरून आले. केशवराव वर्तमानपत्र घेऊन दारात उभे होते. त्यांना मोहिनीताईंनी सगळं सांगून टाकलं, श्रावणापासूनची भीतीसुद्धा.

"अगं, माझा जीव वाचवला डॉक्टरांनी आणि तुझ्या पथ्याच्या भाकरीनं," केशवराव म्हणाले. "तो काय देवकाकाकूंच्या ओटीतल्या खोबऱ्यात अडकलाय? आणि खरं सांगू? त्या म्हातारीचं मन मोडून माझं आयुष्य वाढत असेल, तर तेवढं मला नको."

पुन्हा बैठक झाली. ती काही गोड झाली नाही. मोहिनीताईंनी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही, पण मागेही हटल्या नाहीत.

"मी भरणार नाही ओटी," रीताताई म्हणाल्या. "उद्या काही बरंवाईट झालं तर मंडळ येणार आहे का निस्तरायला?"

"तुम्ही नका भरू. मी भरते."

"तुम्ही? केशवराव आत्ता कुठे हिंडूफिरू लागले, आणि तुम्ही?"

"म्हणूनच मी," मोहिनीताई म्हणाल्या. "आपण एखाद्या कलावंताला बोलावतो तेव्हा काय पाहायचं, रीताताई? तिचं काम पाहायचं की तिच्या घरात कोण जिवंत आहे, ते मोजायचं? तसं असेल तर सन्मानपत्र तानबाकाकांच्या श्वासाला द्या, देवकाकाकूंच्या हातांना कशाला?"

पाच जणी उठून गेल्या. चौघी बसून राहिल्या. वेदश्रीनं वही उघडली आणि सन्मानपत्राच्या मजकुरात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'श्रीमती देवकाबाई'.

त्याच संध्याकाळी मोहिनीताईंनी रोहण्याला फोन लावला. "काकू, मयुरीला पाठवू नका. कोजागरीला सकाळी मी स्वतः तुम्हाला न्यायला येते. ओटी तुमची, आणि भरणार मी."

"कायले माय? लोकं तुलेच बोलतीन. तुयं घर सुखाचं राहू दे."

"येते म्हणाले ना काकू. शब्द दिला."

"वाटलं तर येजो," देवकाबाई म्हणाल्या. विश्वास काही त्यांच्या आवाजात नव्हता. कसा असणार? पन्नास वर्षांत लोक मूर्ती न्यायला आले होते, देवकाबाईंना न्यायला कोणी आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, सत्काराला शाल लागते, नारळ लागतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण कलावंताचा मान त्याच्या कलेसाठी असतो, आणि तो त्याच्याच हाती द्यायचा असतो. ज्या हातांनी आपला देव घडवला, ते हात अपवित्र मानून आपण कसली पूजा करतो? नेम पाळावेत, जरूर पाळावेत. पण ज्या नेमानं एखाद्या माउलीची मान खाली जाते, तो नेम देवाचा नव्हे. तो आपल्या भीतीचा आहे. तो आपणच सोडायचा असतो.

कोजागरीची सकाळ उजाडली. रीताताईंचा फोन आला नाही. मंडपात कोण येणार, कोण नाही, काहीच कळलेलं नव्हतं. मोहिनीताईंनी तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला. नवं हिरवं लुगडं, खण, तांदळाची पुरचुंडी आणि करंडा पिशवीत ठेवला. केशवराव गाडीची किल्ली घेऊन पुढे आले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही मंडपात बसा. ताराचंदजी आले तर त्यांना थांबवून ठेवा. मी बसनंच जाते."

पुलगावला गाडी बदलून त्या आर्वीच्या बसमध्ये चढल्या. पिशवी मांडीवर घेतली, दोन माणसांच्या बाकावर खिडकी सोडून बसल्या.

"कुठं, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"रोहणा," मोहिनीताई म्हणाल्या. "आणि दादा, दुपारची परतीची गाडी किती वाजता आहे? येताना माझ्यासोबत एक वयस्कर बाई असतील. त्यांना खिडकीची जागा हवी."