नाहीवालं घर

“काका, गच्चीला रंग कोणी लावला?”

“मी. कोन लावनार? बायको तर खाटेवर हाय,” देवजीने छाती फुगवून सांगितलं. त्याला वाटलं, पोरगी आता शाबासकी देईल. स्लॅब कशी पांढरीफेक दिसत होती, कोपरेसुद्धा सोडले नव्हते. पण क्षिप्रा जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसली.

“अहो, तुमची चिठ्ठी ‘नाही’ची होती ना!”

क्षिप्रा शिकायला खारघरला होती, आणि तिला एकच गोष्ट सिद्ध करायची होती. ऊन परतवणारा पांढरा रंग गच्चीला लावला, तर खालचं घर खरंच किती थंड होतं आणि विजेचं बिल किती उतरतं. त्यासाठी फेब्रुवारीत तिने घणसोली गावच्या देवळात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. निम्म्या घरांना रंग, निम्म्यांना नाही. आतला उकाडा टिपणारी डबी मात्र सगळ्यांच्याच भिंतीवर. जूनमध्ये दोन्हींतला फरक काढायचा आणि मग नाहीवाल्यांनाही रंग द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं! चिठ्ठ्या म्हटल्यावर गावाच्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती म्हणजे भिशी.

आणि भिशीची रीत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिठ्ठी माझी निघाली, पण शेजारी आजारपण असलं, तर आपली पाळी त्याला देऊन टाकायची. आपल्याला पुढची मिळते. त्यात उपकार वगैरे नाही. उपकार म्हटलं तर लोक भांडायला उठतील. समोरच्या रखमाला ‘हो’ची चिठ्ठी आली होती. रंगाची बादली दारात आली, तशी तिने ती उचलली आणि थेट देवजीच्या ओट्यावर आणून ठेवली.

“भावजी, गोजराबायचा जीव दुपारचा वर-खाली व्हतो. तुमी लावा. मना काय, मी जूनमदी लावीन.”

खोटं नव्हतं ते. दुपारी स्लॅब तापली की देवजीच्या बायकोला, गोजराला, धाप लागायची. भिजवलेला पदर छातीवर ठेवून ती नुसती वर बघत पडायची. आणि रंग लागला त्याच्या दुसऱ्याच दुपारी ती चक्क घोरायला लागली! देवजी घाबरला, त्याने तिला गदागदा हलवलं.

“काय मेलंय का कोन?” ती खेकसली आणि कूस बदलून पुन्हा झोपली. देवजीला इतका आनंद झाला की तो ओट्यावर जाऊन नुसतं ते घोरणं ऐकत बसला.

आता हे सगळं त्याने क्षिप्राला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, “म्हणजे माझ्या मोजणीत रखमाताईंचंही घर बिघडलं.”

“मंग चिठ्ठ्या बदल. आमी हो, ती नाही. बेरीज तीच.”

“तसं नाही चालत, काका. माणसांनी ठरवलं की रंग बरोबर आजारी माणसाच्याच घरी जातो. मग फरक रंगाचा की माणसांचा, ते कळत नाही.”

“पन आजारी मानूस हाय तिथंच जाया पायजे ना?”

“हो,” क्षिप्रा म्हणाली. मग म्हणाली, “म्हणजे नाही.” डोळे पुसत ती उठली. “माझं अख्खं वर्ष गेलं, काका.” एवढं बोलून ती जिना उतरून निघून गेली.

देवजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कोणाचं काय चुकलं, हेच त्याला उमगेना. रखमाचं? छे! स्वतःचं? बायकोला झोप लागली, ही काय चूक झाली? पण देवळात मान डोलावली होती हे खरं, आणि परक्याची पोर आपल्या जिन्यात रडली हेही खरं. सकाळी तो तारेचा ब्रश घेऊन खाटेपाशी उभा राहिला.

“रंग काढू का गो?”

गोजराने ब्रशकडे पाहिलं. “लावला तवा इचारलंत? आता कशाला इचारताव?” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “जा. पोर रडत व्हती.”

देवजी खरवडत बसला. रंगही इमानी, सुटता सुटेना. गुडघे सोलले, ब्रशच्या तारा झिजल्या. समोरून रखमा ओरडली, “भावजी, येड लागला काय?” तो खरवडतच राहिला.

दुपारी क्षिप्रा धावत आली. जिन्यातूनच बोलायला लागली. “काका, टेन्शन मिटलं! आमचे कॉलेजचे सर म्हणाले, काही बिघडलं नाही. ज्याची जी चिठ्ठी निघाली तीच धरायची, गच्चीवर मग काहीही असो. तुमचं घर ‘नाही’तच मोजायचं. रंग राहू दे तसाच—”

वर पोचली आणि थबकली. पांढरी सालपटं गच्चीभर पसरली होती.

“म्हंजे,” देवजीने सावकाश विचारलं, “रंग असता तरी नाही, आनि खरवडला तरी नाही?”

“हो.”

“मंग मी सकालपासून ह्ये काय केला?”

क्षिप्राचा चेहरा उतरला. “मी काढायला सांगितलं नव्हतं, काका.”

“नाय. तू नाय सांगितलंस.”

“मी उद्या माझ्या पैशांनी रंग आणते.”

“नको, पोरी. देवलात सबूद दिला व्हता. आता जूनपर्यंत नाही म्हंजे नाही.” तो ब्रश झटकत उठला आणि मध्येच थांबला. “पन येक सांग. ही जी मदे चार दिस झोपली, ती झोप कुठं लिवशील?”

हातातल्या टॅबवर क्षिप्राने बोट वर-खाली फिरवून पाहिलं. “त्याला रकाना नाहीये, काका.”

खालून गोजराचा आवाज आला, धापेनं तुटक. “उन्हात काय उभं करताव पोरीला? आत आना.”

दोघं खाली आले. आत भट्टी झाली होती. गोजरा हाताच्या आधाराने उठून बसली, भिंतीकडे सरकत गेली आणि पंख्याखालची जागा तिने क्षिप्राला दिली.