वाटसरूचं ताट

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी गेनोवेफा घराबाहेर पडली, तेव्हा शालीखाली तिने एक ओप्वातेक जपून धरला होता. कागदाइतकी पातळ, बिनमिठाच्या पिठाची पांढरी चकती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, जेवायला बसण्याआधी, पोलिश माणूस ही चकती दुसऱ्यापुढे धरतो, दुसरा तिचा तुकडा मोडतो, आणि वर्षाची भांडणं तिथेच मिटतात. गेनोवेफाचं भांडण पस्तीस वर्षांचं होतं. आणि भांडण तरी कसलं, सगळा गुन्हा हिचाच.

एकसष्ट साली, सोव्हिएत अमलात प्रार्थनेला बंदी असताना, तिच्या थोरल्या बहिणीच्या, लेओकादियाच्या घरी लोक नाताळला चोरून जमत. गेनोवेफा शाळेत स्वैपाकीण होती. पोलिसांच्या एका साहेबाने बोलावून दरडावलं, नोकरी जाईल म्हणाला, आणि हिने नऊ नावं घडाघडा सांगून टाकली. पहिलंच नाव बहिणीच्या नवऱ्याचं, हिपोलितचं. तो सक्तमजुरीच्या छावणीत गेला तो परत आलाच नाही. हिला कोणी बोटही लावलं नव्हतं हो! नुसत्या दरडावणीनेच बाई फुटली. तेच तिला रात्रंदिवस खात होतं.

तेव्हापासून दोघी कझाक माळावरच्या, हद्दपार पोलिशांच्या त्याच गावात राहत होत्या, एकाच विहिरीचं पाणी पीत होत्या. लेओकादिया तिच्याशी एक शब्द बोलली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तरी गेनोवेफाने ओंजळीत झेलल्या असत्या.

यंदा पोलंडहून एक तरुण फादर आला होता. त्याच्यापुढे तिने सगळं ओकून टाकलं.

“आजी, देवाने तुम्हाला क्षमा केली,” तो म्हणाला.

“देवाचं काय जातंय, फादर? त्याचा नवरा थोडाच मेला?”

पोरगा गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, “त्याचा मुलगा मेला, आजी. आपणच मारला. तरी तो दर नाताळला आपल्या दारी येतो. तुम्ही बहिणीचं दार वाजवून तर बघा.”

जानेवारीत तीन राजांचा सण झाला की लेओकादिया लेकासुनेबरोबर पोलंडला जाणार होती, कायमची. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

दार सुनेने, वेरोनिकाने उघडलं. “अगं बाई, मावशी! तुम्ही? आईंनी बघितलं तर...”

“कोण आहे गं?” आतून आवाज आला.

गेनोवेफा पुढे झाली. तिने नुसता ओप्वातेक पुढे धरला. लेओकादियाने तिच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ, डोळ्यांत. मग टेबलाकडे बोट दाखवलं.

“या. बसा.”

देवा, बोलली! गेनोवेफा खुर्चीवर टेकली, आणि मग समोरचं कोरं ताट तिला दिसलं. त्या संध्याकाळी प्रत्येक घरात एक ताट जास्तीचं मांडतात, अनोळखी वाटसरूसाठी. देवाच्या आईलाही बाळंतपणाच्या वेळी परक्या गावात कोणी जागा दिली नव्हती, म्हणून. ती त्या ताटावर बसली होती.

“अहो आई, ही आपली गेनोवेफा मावशी,” वेरोनिका चाचरत म्हणाली.

“आज आलेल्याला नाव विचारू नये. वाढ त्यांना.”

लेकाने मान खाली घातली. लेओकादियाने चकतीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आपला ओप्वातेक पुढे केला. “देव तुमचं भलं करो, बाई. घरी कोणी असतील त्यांचंही.”

“ताई, मी गेना गं! ताई, चुकले मी. त्या दिवशी मी...”

“दमलेल्या दिसता. बिटाचं सार गरम आहे तोवर घ्या.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर गेनोवेफाने पाय धरले असते. ही माया होती, खरीखुरी, कोणाही परक्या बाईला मिळाली असती तशी. परक्या माणसात लेओकादियाला देव दिसत होता. बहिणीत तो तिला काही केल्या दिसेना, म्हणून तिने बहीणच पुसून टाकली होती. त्या ताटाला नाही म्हणणं पाप. गेनोवेफा रडत रडत सगळं जेवली, सारापासून माशापर्यंत.

निघताना लेओकादिया दारापर्यंत आली. बर्फ भुरभुरत होतं.

“विहिरीपासून डावीकडे वळा,” ती म्हणाली. “सडक सरळ स्टेशनला जाते. जपून जा हं.”

गेनोवेफाचं घर विहिरीच्या उजव्या हाताला होतं. ती “बरं” म्हणाली. विहिरीपाशी तिने वळून बघितलं. बहीण अजून दारात उभी होती, कंदील उंच धरून. गेनोवेफा डावीकडे वळली आणि स्टेशनच्या सडकेने माळाच्या दिशेने चालू लागली.