हिंमतरावांच्या फिल्मची वाटणी

हिंमतराव गेल्यावर त्यांच्या इस्टेटीची वाटणी इतकी शांतपणे झाली, की नांदुऱ्यातल्या लोकांना थोडं चुकल्यासारखंच वाटलं. शेत वाटलं गेलं, बैल वाटले गेले, स्टेशनाकडचं कापसाचं गोदाम हिंमतरावांच्या बायकोकडे, म्हणजे मंजुळाबाईंकडे राहिलं. धाकटे दीर अर्जुनराव यांनी तर पितळेचा हंडा स्वतःच्या खांद्यावरून वहिनीच्या दारात आणून ठेवला. फिल्मकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती एका पत्र्याच्या डब्यात, गव्हाच्या कोठीमागे पडून होती. घरातली मांजर कोणाच्या वाट्याला आली हे जसं कोणी विचारत नाही, तसंच तिचं होतं.

कारण ती फिल्म म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिंमतरावांनी कधीतरी मुंबईहून एक छोटा कॅमेरा आणला, आणि त्यानंतर दर साल कापूस विकला की करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची फिल्म पार्सलने यायला लागली. या माणसाने काढलं काय? तर बैलाचा कान. माश्या हाकलणारा कान, सलग, बराच वेळ. विहिरीच्या चाकाची सावली. बोंडातून उडणारा कापूस, तोही उलटा, म्हणजे आकाशातून खाली येऊन बोंडात शिरणारा. आणि फिल्म वाया जाऊ नये म्हणून उरलेल्या तुकड्यावर घरची माणसं. म्हातारी आई अंबूबाई बिनदाताच्या तोंडाने पेरू खाते आहे, बहिणीची पोरगी पुष्पा हिचं लग्न लागतं आहे, वगैरे. ते सगळे तुकडे त्यांनी आपल्या मनाच्या क्रमाने चिकटवून एका मोठ्या चकरीवर चढवले होते. फिल्म चिकटवताना दुसरं टोक मंजुळाबाईंनी धरायचं, हे अनेक वर्षं चाललं. पुढेपुढे हिंमतरावांचा हात थरथरायला लागला, तेव्हा चिकटवणं मंजुळाबाईंकडे आलं आणि टोक धरणं हिंमतरावांकडे गेलं. नांदुऱ्यात या कलेला ‘हिंमतरावची बिमारी’ म्हणत.

मग एक दिवस मुंबईहून एक गृहस्थ आले, मेलगाडीतून उतरले. कुठल्याशा फिल्म सोसायटीचे होते. महाराष्ट्राचं राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि राज्यात कुठे काय कला आहे हे एकदा पाहून घ्यावं असं मुंबईत काही लोकांना वाटायला लागलं होतं. गृहस्थांनी गोदामात बसून फिल्म पाहिली. कान पाहून ते पुढे सरकले, सावली पाहून उठून उभे राहिले, आणि शेवटी म्हणाले, हे जतन व्हायला हवं, आम्ही नेतो. फक्त मधलं ते लग्न आणि पेरू काढून द्या, ते घरगुती आहे. मंजुळाबाईंनी त्यांना जेवायला वाढलं, आणि भाताच्या वेळी सांगितलं की काढून काहीच मिळणार नाही. त्यायनं एक केलं, ते एकच राहीन. गृहस्थ विचार करतो म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

गाडी भुसावळपर्यंत पोहोचली नसेल, तेवढ्यात अर्जुनराव आले. गावात कुठलीही वस्तू इस्टेट केव्हा होते, तर बाहेरगावचा माणूस तिच्याबद्दल विचारतो तेव्हा. अर्जुनरावांचं म्हणणं साधं होतं. फिल्म वाटणीत राहून गेली. राहून गेलेली वस्तू पुढे भांडण लावते. आपल्यात भांडण नको, म्हणून वाटून टाकू. हे बोलताना त्यांचा चेहरा इतका समंजस होता, की त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे एकोप्याला विरोध केल्यासारखं झालं असतं.

मंजुळाबाईंना कायदा माहीत होता. मूलबाळ नसलं की नवऱ्याने स्वतः मिळवलेली वस्तू बायकोची, हे बुलडाण्याच्या कोर्टातही कोणी सांगितलं असतं. पण कोर्टात गेलेली वस्तू आधी कोर्टाच्या कपाटात जाते, आणि त्या कपाटात काय काय राहतं हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. त्यांना फिल्म अखंड हवी होती. कपाटातल्या उंदरांनी ठरवलेल्या आकारात नको होती. त्यांनी पंच बोलवायला सांगितलं.

पंच म्हणजे उकंडराव. पंचक्रोशीतली धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं त्यांनी मिटवली होती, आणि एकदा तर दोन भावांना चिंचेचं झाड उभं वाटून दिलं होतं. सावलीसकट. फिल्म त्यांनी अंगणात उलगडायला लावली आणि विहिरीचा दोर मोजतात तशी हाताने मोजली. वाटेकरी तीन ठरले: मंजुळाबाई, अर्जुनराव आणि मधली बहीण, म्हणजे पुष्पाची आई, सत्यभामाबाई. बहिणीला शेतात हिस्सा देताना सगळ्यांच्या पोटात दुखलं होतं. फिल्ममध्ये द्यायला कोणाची हरकत नव्हती.

आपल्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला काटेकोर राहतो. हिंमतराव थोरले, ते नाहीत, म्हणून वाटे पाडायचा मान मंजुळाबाईंचा. त्यांनी वाटे पाडले. फिल्मचे दोन, बरोबर अर्धे अर्धे. तिसरा वाटा, फिल्म दाखवायची मशीन, आणि तिच्यासोबत फिल्म चिकटवायचा साचा आणि चिकटवायच्या दवाईची बाटली.

उकंडरावांनी मधोमध अंगठा ठेवला. मंजुळाबाईंनी तो हलकेच दोन वीत पुढे सरकवला. दोन वीत फिल्मसाठी कोण भांडतं? फिल्म उजेडाला धरून पाहायचं कोणाला सुचलं असतं, तर दिसलं असतं की अंगठा आता पुष्पाच्या लग्नात, अगदी अंतरपाटावर होता. इकडे नवरा-नवरी, मध्ये शालू धरलेला, भटजींचा हात वर गेलेला. पलीकडच्या तुकड्यात हार. कात्री तिथे चालली.

अर्जुनराव धाकटे, त्यांनी आधी उचलला. दुसरा अर्धा उचलला, कारण त्यात लग्नाच्या पंगतीत ते स्वतः होते, नव्या कोटात, जिलेबी वाढताना. सत्यभामाबाईंना पहिला अर्धा मिळाला: कान, सावली, पेरू आणि अंतरपाटापर्यंतचं लग्न. मशीन कोणी मागितलीच नाही. अर्जुनराव म्हणाले, वहिनीले लोखंड आलं, पण वहिनीचा सोभावच तसा, दुसऱ्याचा इचार करते. मंजुळाबाईंनी मान डोलावली. त्यांनी खरोखर दुसऱ्याचाच विचार केला होता.

त्यांचा हिशोब असा होता की दिवाळीपर्यंत कोणीतरी मशीनच्या दाराशी येईल. दिवाळीपर्यंत थांबायला त्या तयार होत्या. फक्त उन्हाळ्याचा हिशोब त्यांनी धरला नव्हता.

वैशाखात एक दिवस त्या गच्चीवर गेल्या, तर पलीकडे अर्जुनरावांच्या गच्चीवर कुरडया, सांडगे आणि त्यांच्या शेजारी जुन्या लुगड्यावर सगळी फिल्म पसरलेली. टोकांवर विटा ठेवलेल्या, वर कडुलिंबाचा पाला. अर्जुनरावांची बायको रुक्मिणीबाई कावळे हाकलत बसली होती. टिकवायची वस्तू आहे म्हटल्यावर तिने टिकवायच्या सगळ्या वस्तूंचं जे करतात तेच केलं होतं. त्या घरचे गहू कधी किडले नव्हते, हेही खरंच.

मंजुळाबाई जिना उतरल्या, रस्ता ओलांडला, तो जिना चढल्या. नांदुऱ्याच्या दुपारच्या उन्हात फिल्म कडेने वळली होती, कुरडईपेक्षा थोडी जास्तच. त्या खाली बसल्या आणि पाला बाजूला करून ती हातावर गुंडाळायला लागल्या.

“आजून दोन उन्हं द्याले पायजेत ना जी,” रुक्मिणीबाई म्हणाली. “नाई त किडा लागते.”

“लय मायेनं केलं तू,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. “पण हिले ऊन नाई, अंधार लागते. हिची जात उलटी हाये.”

गुंडाळी त्यांनी परत रुक्मिणीबाईच्याच हातात दिली, कारण वाटणी म्हणजे वाटणी. घरी येऊन मात्र त्यांनी दिवाळीचा बेत मोडला. हा वैशाख असाच गेला असता तर फिल्म तळून खायच्या लायकीची झाली असती. त्यांनी खामगावला पुष्पाला निरोप धाडला, की तुझ्या सासऱ्यांना तुझं लग्न पाहायचं होतं ना, आता मशीन माझी आहे, त्यांना घेऊन ये. सासरे म्हातारे झाले होते, आणि लग्नात आपण कसे दिसलो हे पाहायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. ती इच्छा मंजुळाबाईंनी लग्नाच्या दिवशीच पाहून ठेवली होती.

मग जे व्हायचं ते झालं. सत्यभामाबाई आपला अर्धा घेऊन आल्या, की व्याही येऊन राहिले, लावून दाखव. मंजुळाबाई म्हणाल्या, अर्धा लावणार नाही. सत्यभामाबाई अर्जुनरावांकडे गेल्या, की तुझा अर्धा दे. अर्जुनराव म्हणाले, माझा मी कशाला देऊ, मला माझाच पाहायचा आहे. आणि तेव्हा बहिणीने त्यांना विचारलं, की तुझ्या अर्ध्यात माय आहे का? अर्जुनरावांनी जिलेबी आठवली, कोट आठवला, आणि पेरू आपल्याकडे नाही हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. अंबूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तिचा दुसरा फोटो घरात नव्हता.

ते तडक वहिनीकडे आले. उकंडरावांना सोबत घेऊन आले, म्हणजे बोलण्याला वजन येईल.

“वहिनी, हे काही बराबर नाई. लोकाईच्या वस्तूवर तुमी अट लावून राह्यल्या.”

“फिल्म तुमची हाये, भाऊजी. म्या कुठं हात लावला?”

“मंग लावा ना मशीनवर.”

“मशीन माझ्या वाट्याची. ते कवा चालवाची अन् कशी चालवाची, हे बी माझ्याच वाट्याचं. इचारा पंचाले.”

अर्जुनरावांनी पंचाकडे पाहिलं. उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की बाई म्हणते ते धुऱ्याच्या कायद्यात बसते. आपणच केलेली वाटणी चुकीची आहे असं म्हणणारा पंच अजून जन्मायचा होता.

रविवारी दुपारी गोदामात सगळे जमले. झरोक्यांना पोती लावली, दार ओढून घेतलं. दोन्ही अर्धे आदल्या दिवशी आले होते. अर्जुनरावांची फिल्म मंजुळाबाईंनी ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवून जराशी नरम केली होती, कडा खरवडून, दवाई लावून साच्यात दाबली होती. लग्नाच्या मधोमध एक बारीक शिवण राहिली, बाकी काही नाही. व्याही पुढे खुर्चीवर बसले, फेटा बांधून, जणू त्यांना आज पुन्हा लग्नाला यायचं होतं.

मशीन सुरू झाली आणि भिंतीवर बैलाचा कान आला.

कान हलला. माशी उडाली. कान हलला.  मग अर्जुनरावांनी विचारलं, हे सरते कवा. सत्यभामाबाई म्हणाल्या, जरा पुढे घे ना. मंजुळाबाई मशीन चालवत राहिल्या. थोड्या वेळाने मागून कोणीतरी म्हणालं, आता डावीकडची बसन. डावीकडची माशी बसली. मग दोन-तीन माणसं माशी कुठे बसेल हे आधी सांगायला लागली, आणि एकाचं चुकलं तेव्हा बाकीचे हसले. कान संपला तेव्हा कोणीतरी हळहळल्यासारखा आवाज केला. तो अर्जुनरावांचा होता असं नंतर रुक्मिणीबाईने सांगितलं, त्यांनी नाकारलं.

मग भिंतीवर अंबूबाई आल्या. पेरू मोठा होता, दात नव्हते, आणि म्हातारीला घाई नव्हती. एकदा तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हाताने ‘जा तिकडं’ केलं. अर्जुनराव खुर्चीवरून उठले आणि भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांची सावली आईच्या पदरावर पडली. त्यांना बाजूला व्हा असं कोणी म्हणालं नाही.

मग लग्न. हिंमतरावांनी लग्नही आपल्या बिमारीप्रमाणेच काढलं होतं. सगळे पाय, सगळे हात, व्याह्यांचा फेटा मागून. व्याही पुढे झुकले, फेटा ओळखला, आणि त्याचा तुरा त्या दिवशी किती बरोबर होता हे शेजाऱ्याला सांगितलं. अंतरपाट आला, शिवणीवर मशीन एकदा टक्क वाजली, हार पडला, जिलेबी आली, कोट आला, आकाशातून कापूस उतरून बोंडात शिरला, आणि भिंत पांढरी झाली.

दार उघडलं. डोळे चोळत लोक उठले. अर्जुनराव मशीनजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत अजून पेरू होता, पण हिस्सा हा हिस्सा.

“छान झालं वहिनी. आता माझा वाटा मले द्या.”

मंजुळाबाईंनी फिल्म शिवणीपर्यंत ओढून घेतली आणि कात्री त्यांच्या हातात दिली. कुठे कापायचं ते त्यांनी बोटाने दाखवलं. अर्जुनरावांनी फिल्म दाराच्या उजेडाला धरली. शालू धरलेला, भटजींचा हात वर. पलीकडे हार.

पुष्पाचे सासरे मागे येऊन उभे राहिले होते. “काय कापून राह्यले हे?” त्यांनी विचारलं.

“लग्न, इवाईबुवा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “अंतरपाटावरून.”

सत्यभामाबाईंनी भावाकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करायची गरज नाही; ज्यांना बहीण आहे त्यांना ती ठाऊक आहे. पुष्पाने पदर सावरून पोटावर घेतला. दिवस भरत आले होते.  अर्जुनरावांनी कात्री उघडली, मिटली, पोत्यावर ठेवली आणि म्हणाले, तसं पाहिलं तर ठेवायला आमच्याकडे जागा कुठे आहे. वर कुरडया आहेत.

मंजुळाबाईंनी चकरी डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. बाहेर लोक अजून माश्यांबद्दल बोलत होते. उकंडराव मात्र मागेच रेंगाळले होते. त्यांनी दोनदा खाकरून घेतलं.

“बाई, एक इचारतो. तो कान आमच्या ढवळ्याचा हाये. टोकाले फाटलेला. म्हंजे तसा हिस्सा आमचा बी निंघते.”

“बैल तुमचा, उकंडदादा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “पण कान त्यायचा.”

उकंडरावांनी यावर पंच म्हणून विचार केला. बराच केला. मग त्यांनी विचारलं, की पुढच्या रविवारी पुढची खुर्ची कोणाची आहे.