नवं मशीन, नवं कपाट, बुद्धगयेची सहल

मृण्मयीची नऊवारी परत आली तेव्हा मी सगळा दोष बल्बला दिला.

मृण्मयी ही इथे हैदराबादेत, गच्चीबावलीत राहणारी सॉफ्टवेअरवाली पोरगी. तिच्यासारख्या पुण्या-मुंबईच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, पण गणपतीत फोटो तर नऊवारीतलाच हवा असतो. म्हणून मी त्यांना शिवूनच देते. काष्टा, निऱ्या, ओचा सगळं जागच्या जागी, पायजम्यासारखं चढवायचं आणि नाडी बांधायची. अंबरपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत माझा हा कारखाना चालतो. मालकीण मी, कारागीर मी आणि गिऱ्हाइकांशी भांडणारीही मीच.

"त्रिवेणीआजी, तसं काही नाही," मृण्मयी चाचरत म्हणाली, "पण आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं. ती म्हणाली, जांभळ्या साडीला चॉकलेटी दोरा कसा? आणि हा मागचा काठ उलटा लागलाय."

मी साडी खिडकीशी नेली. दोरा मला जांभळाच दिसत होता. काठ मात्र हाताला कळला. उलटाच होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून काठ कधी उलटा लागला नव्हता. "हल्लीचे बल्बच मेले मंद असतात," असं म्हणून मी साडी ठेवून घेतली. ती गेल्यावर सुईत दोरा ओवायला बसले. दोरा सुईच्या चहूबाजूंनी हिंडून आला, आत काही गेला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मोफत शिबिरात नाव घातलं, तर माझी शुगर बघून त्यांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे काउंटरवरच्या मुलीने दुकानात साड्या दाखवाव्यात तशा लेन्स दाखवल्या. साधी, बरी, भारी. मी साधीचा भाव विचारला आणि पर्सची चेन ओढली. दोन डोळ्यांचे मिळून ऐंशी हजार.

कोणी म्हणेल, विमा काढायचा ना! माझ्या मुलाच्या, पुष्करच्या, कंपनीच्या विम्यात होते की मी. गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांचे आईबाप त्यातून काढून टाकले. वेगळा काढायचा तर हप्ता डोळे पांढरे करणारा, आणि वर मोतीबिंदूसाठी दोन वर्षं थांबायचं. मोफत उपचाराचं सरकारी कार्ड होतं, पण त्यावर पुष्करचं नाव, पुष्कर इन्कम टॅक्स भरतो, म्हणून मी श्रीमंत. कार्ड रद्द. सत्तरीनंतर वेगळं कार्ड मिळतं म्हणे. पण मोतीबिंदूला कोण समजावणार, की बाबा रे, बाई अजून सदुसष्टचीच आहे, जरा दम धर!

बँकेत एक ठेव होती. तिच्या व्याजातून माझं घरभाडं निघायचं. ती मोडली की खोल्या सुटल्या, आणि मग मी पुण्याला पुष्करच्या फ्लॅटवर. पोरगा चांगला आहे हो, सूनही चांगली आहे. "आई, इकडेच ये ना," असं दर रविवारी म्हणतात. पण तिथे मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपणारी बाई. माझं शिलाई मशीन त्यांच्या बाल्कनीतही मावत नाही, सुनेने माप घेऊन सांगितलंय. इथे मी त्रिवेणीबाई नऊवारीवाल्या आहे. मला तेच राहायचं होतं.

एके काळी पाटल्या होत्या. हिम्मतरावांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, किडनीच्या दुखण्यात गेल्या. पाटल्यांमागून गोठ, गोठांमागून बोरमाळ. त्याचं मला दुःख नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन. पण नवऱ्याच्या आजाराला बायकोचं सोनं असतं, आणि बायकोची पाळी येते तेव्हा डबा रिकामा असतो. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

राहिली होती ती फक्त चिट्टी.

चिट्टी म्हणजे आपली भिशीच, पण लिलावाची. आम्ही पंचवीस बायका महिन्याला चार-चार हजार भाग्यलक्ष्मीकडे भरतो. पहिल्या रविवारी तिच्या हॉलमध्ये बोली लागते. जिला ते लाख रुपये आत्ता हवेत, ती सांगते, मी त्यातले इतके सोडते. जी जास्त सोडेल तिला चिट्टी, आणि तिने सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेतात. एकदा उचलली की पुढचे हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे, आणि त्यासाठी दोघींनी जामीन राहायचं.

यात आमचा एक रिवाज आहे. घरात लग्न असलं की ती बाई आधीच सांगून ठेवते, आणि त्या दिवशी बाकीच्या मुकाट चहा पितात. कोणीच बोली वाढवत नाही, तिला जवळजवळ पुरी रक्कम मिळते. आजारपणाचं मात्र कोणी सांगत नाही. आजारी म्हातारीने चिट्टी उचलली आणि अंथरूण धरलं, तर तिचे हप्ते कोण भरणार? असं कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात सगळ्यांच्याच असतं. माझ्याही होतं. म्हणून मी सगळीकडे सांगून टाकलं की मला नवं मशीन घ्यायचंय, मोटरवालं.

रविवारी हॉल भरला. भाग्यलक्ष्मी तेलुगू बाई, हिशेबाला पक्की, आतून मऊ आहे पण कळू देत नाही. तिने मिरची भजी पुढे ठेवली आणि स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. "बोलो अम्मा."

"पाच हजार सोडते," मी म्हणाले. एरवी एवढ्यावर चिट्टी सुटते.

"आठ!" मागून सरुबाई ओरडली. सरुबाई माझी तीस वर्षांची मैत्रीण. मूळची नांदेडकडची, इथे सिटी बसमध्ये कंडक्टर होती. नोकरी सुटली, पण आवाज अजून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पोचतो.

"तुला गं कशाला हवी?" मी विचारलं.

"बुद्धगयेला जायचंय. सहल हाय."

"दस," रहमत आपा म्हणाल्या. या समोरच्या गल्लीत राहतात, लोणची विकतात. "मेरेकू नवा कपाट होना."

मी बारा म्हणाले. सरुबाई पंधरा. आपा अठरा. आणि कोणी काही बोलायच्या आत आपाच पुन्हा म्हणाल्या, "बीस!"

"आपा, अठरा भी आपकाच था," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

आपा गोड हसल्या. "हौ. बाईस."

हॉलमध्ये खसखस पिकली. मीही हसले, पण बोटांवर हिशेब चालू होता. आणखी सोडलं तर मला पावणेदोन डोळ्यांचेच पैसे मिळणार होते. तरी धीर करून मी म्हणाले, "पंचवीस."

"तीस!" सरुबाई.

मग माझं डोकं फिरलं. "तीस हजार पाण्यात घालून बुद्धगयेला? विमानाने जातेस की विमानच विकत घेतेस?"

"आन् तुझं मशीन काय सोन्याचं हाय? थांब, तिथं येऊनच सांगते तुला!" असं म्हणून सरुबाई दिवाणावरून तरातरा उठायला गेली. अर्धी उठली आणि तशीच राहिली. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, चेहरा पांढराफटक. मग धप्पकन खाली बसली.

भांडण गेलं चुलीत. मी तांब्या उचलला, धावत जाऊन तिच्या हातात पेला दिला आणि पाणी ओतलं. ते सगळं भज्यांच्या ताटात गेलं. ताटात भजी पोहायला लागली आणि सरुबाईच्या हातातला पेला कोरडा ठणठणीत. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"त्रिवेणी, तुला दिसत न्हाई?"

"तुला उठता येत नाही?"

तेवढ्यात मागून रहमत आपांनी आनंदाने विचारलं, "किसकू मिली चिट्टी?"

भाग्यलक्ष्मी आपांच्या पाठीमागे गेली आणि हळूच त्यांना हाक मारली. आपा भजी बघत राहिल्या. आणखी एकदा मारली. काही नाही. मग ती समोर येऊन कानाला हात लावून उभी राहिली, तेव्हा आपांनी मान खाली घातली. "हौ अम्मा. कायका कपाट! दोनों कानों के मशीन होना. बेटे पे दो बच्चों की फीस है, उसकू कैसा बोलूं?"

झालं, मशीन गेलं, कपाट गेलं आणि बुद्धगयाही गेली. आम्ही तिघी चोरी करताना पकडलेल्या पोरींसारख्या बसून राहिलो. भाग्यलक्ष्मी बराच वेळ पेला फिरवत होती. मग म्हणाली, "बुरा मत मानो. इतनी औरतों का पैसा मेरे भरोसे पे है. तुम लोगां बीमार हैं, तो आगे का कौन भरते?"

माझा चेहरा तापला. ती वाईट बोलली नव्हती. आम्ही सगळ्या जे मनात ठेवत होतो, ते तिने तोंडावर सांगितलं एवढंच. मला वाटलं, संपलं. आता ठेव मोडायची आणि पुण्याचं तिकीट काढायचं.

"तिचं म्या भरीन," सरुबाईचा आवाज आला. "त्रिवेणीला म्या जामीन."

"मैं भी," आपा म्हणाल्या. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण सरुबाईचा हात वर बघून त्यांनीही केला.

भाग्यलक्ष्मीने सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. "अच्छा, एक बात बताओ. जिसकू कोई बीमारी नहीं, वो हाथ उपर करो."

कोणी हलेना. बीपीवाल्या, शुगरवाल्या, थायरॉइडवाल्या सगळ्या पंख्याकडे बघू लागल्या. फक्त दाराजवळच्या माधवीने मोठ्या ऐटीत हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि "आई गं!" करून खाली गेला. तिचा खांदा आखडलेला होता, आणि ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. भाग्यलक्ष्मी तर पदराने डोळे पुसत होती. हसता हसताच तिने पेला वाजवला आणि सांगून टाकलं की आजपासून दवाखान्याचा रिवाज लग्नासारखाच. जिला गरज, तिने मोकळेपणी सांगायचं, आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं.

"मग आज सरुबाईला द्या," मी म्हणाले. "तिला जिना उतरता येत नाही."

"गप ए," सरुबाई खेकसली. "माझा गुडघा काय पैसे कमवतो? तुझे डोळे कमवतात. गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. बस बंद पडली तर आधी इंजिन दुरुस्त करतेत, का शिटा? तू आधी हो. पुढच्या महिन्यात आपा, मग माझा गुडघा. इतकी वर्षं बसमध्ये उभीच होते ना? आता जरा बसून काढते."

मला रडू आलं. एवढ्या बायकांसमोर, पदर तोंडाला लावून रडले. हिम्मतराव गेल्यावर मला कोणी "तू आधी" असं म्हटलं नव्हतं. खरं तर ते असतानाही नाही.

डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा समोर सरुबाई होती, काठी टेकून आलेली. "अगं बाई, तू इतकी म्हातारी कधी झालीस?" मी विचारलं. "आरसा देऊ का?" ती म्हणाली. दुसरा डोळाही झाल्यावर मी पुष्करला फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू लगेच ये म्हणाला असतास, आणि मी आले असते रे, मला नाही म्हणवलं नसतं." मशीनची थापही सांगून टाकली. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून कुरिअरने मशीनची मोटर आली. मृण्मयीची साडी मी उसवून पुन्हा शिवली. चॉकलेटी दोरा खरंच भयंकर दिसत होता.

पुढच्या महिन्यात आपांना कान मिळाले, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा भाग्यलक्ष्मीच्या हॉलमध्ये जमलो. चमचा वाजला. सरुबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली. जन्मभर बसभर ओरडलेल्या त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच कापत होता.

"हजार रुपये सोडते," ती म्हणाली. "गुडघ्यासाठी पाहिजे."

कोणी काही बोललं नाही. आमच्या बायका पूजेच्या पंगतीतही गप्प बसत नाहीत, पण त्या दिवशी एकीने हूं की चूं केलं नाही. माधवीने तर भजं तोंडात तसंच धरलं होतं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. माझ्या खांद्यावर सरुबाईचा हात घट्ट होत गेला. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. तिच्या पापण्यांवरचं पाणीसुद्धा.

त्या शांततेत रहमत आपांनी घाबरून दोन्ही कानांना हात लावला.

"अम्मा," त्या म्हणाल्या, "मेरी मशीन बंद पड़ गई क्या?"