दापोड्याच्या शेतातला काळा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसलात ना? हसा बापडे. 'दगड आहेस नुसता!' असं तुम्ही ज्याला त्याला म्हणता, तेही मी मुकाट ऐकून घेतो. दुसरं करणार काय? मला ना हात, ना पाय, ना तोंड.

माझा जन्म ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झाला. लाव्हा थंड होताना हवेचा एक फुगा माझ्या पोटात अडकला. पुढे त्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि तिथे पांढरेशुभ्र स्फटिक तयार झाले. असा मी दापोड्याच्या एका भातशेताखाली युगानुयुगे पडून होतो. मग त्या शेतावर गोदाम बांधायचं ठरलं. जेसीबी आला आणि एका फटक्यात माझे दोन तुकडे झाले. एक भरावात गेला. दुसरा, म्हणजे नारळाएवढा मी, मेघालीने उचलला. शेत तिच्या आजोबांचं होतं. "आपल्या शेतातलं आता येवढंच राह्यलं," असं म्हणत तिने मला ओढणीत गुंडाळून शाळेत आणलं.

काय सोन्याचे दिवस होते ते! विज्ञानाच्या मृणालीबाई 'वाचा' कमी आणि 'करून बघा' जास्त म्हणायच्या. मुलं मला खिळ्याने ओरखडायची. स्फटिकांवर लिंबू पिळलं की ते फसफसायचे आणि वर्गात एकच गिल्ला व्हायचा. माझ्या अंगात लोह आहे, म्हणून दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ आणलं की ते हळूच माझ्याकडे कलायचं. परातीत तांदळाचं पीठ पसरून, वरून खडे टाकून मुलं चंद्रावरची विवरं करायची. तेव्हा बाई म्हणाल्या, "चंद्रावरचे काळे डाग दिसतात ना, तो याच्याच जातीचा खडक आहे." मी चांदोबाचा भाऊ! अभिमानाने माझी छाती फुगली. म्हणजे, असती तर फुगली असती.

विज्ञान दिनाला पाहुणे येणार होते आणि मेघाली त्यांना माझी गोष्ट सांगून लिंबाचा प्रयोग करून दाखवणार होती. पाहुणे यायचे म्हणजे आदल्या दिवशी शाळेतल्या दगडांना रंग लागणार, ही आमची रीतच. शिपाई राघोमामा डबा घेऊन आले आणि त्यांना व्हरांड्यात मी दिसलो.

"अरं, यो तं फुटका हाय! पावन्यांम्होरं असा ठेवायचा न्हाय."

त्यांनी माझ्या पोटातली पोकळी सिमेंटने लिंपली, बोटाने गुळगुळीत केली, वर पांढरा ऑइलपेंट आणि लाल पट्टा मारला. अगदी लेकराला तीट लावावी तशा मायेने. मी आतून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, मामा, ती मोडतोड नाही हो, तेच तर माझं धन आहे! पण दगडाचं कोण ऐकणार?

सकाळी मेघाली लिंबू आणि दोऱ्याचं लोहचुंबक घेऊन आली आणि जागीच थिजली. "मामा, याच्या पोटातले खडे कुठं हाईत?"

"बुजवलं की! आता कसा नवा दिसतो!"

तेवढ्यात पाहुणे आलेच. तिने तरीही माझ्यावर लिंबू पिळलं. रस रंगावरून ओघळून खाली गेला. ती बाईंच्या पाठीमागे तोंड लपवून रडू लागली. पाहुण्यांनी मला थोपटलं, "वा! शाळेची टापटीप वाखाणण्यासारखी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेघालीच्या मुठीतून लोंबणारं लोहचुंबक तेवढं माझ्याकडे कललं होतं. ते कुणी पाहिलं नाही.

छिन्नी लावली तर स्फटिकच तुटतील, असं बाई म्हणाल्या. म्हणून आता मी झेंड्याच्या खांबाजवळ फुलझाडांच्या कडेला आहे. मधल्या सुट्टीत मेघाली येते आणि केसांतली पिन काढून सिमेंट खरवडते. कधी तांदळाच्या दाण्याएवढी चमक दिसते. मग मामांच्या लक्षात येतं, "अरं, रंग उडाला वाटतं," आणि ते पुन्हा ब्रश फिरवतात. माणूस वाईट नाही हो. मेघालीला मोठ्यांना बोलायचं धाडस होत नाही आणि मला बोलताच येत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एखादी काळी, फुटकी वस्तू सजवायला निघालात तर आधी तिला हात लावा, तिच्या पोटात डोकावून बघा.

संध्याकाळी गोदामांच्या पत्र्यांवरून चांदोबा वर येतो, काळ्या डागांसकट. मामांचा ब्रश तिथवर पोचत नाही, हे त्याचं नशीब.