तिसऱ्या शेडचं छप्पर

"अगं, सभेच्या शर्टाला कडक इस्त्री कर. आपला शेअर शंभरपट झाला!"

हे मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आले. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ह्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. निवृत्तीच्या वेळी कंपनीने ऐंशी शेअर दिले, तेव्हापासून गल्लीत सगळे ह्यांना 'मालक' म्हणतात. सुरुवातीला चेष्टेने म्हणत, पण ह्यांनी ते मनावर घेतलं. दरवर्षी भागधारकांच्या सभेला जायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: तिसऱ्या शेडचं छप्पर गळतं, ओल्या फरशीवर माणसं काम करतात, ते कधी दुरुस्त होणार? अध्यक्ष म्हणायचे, "नोंद घेतली आहे." मग हे समाधानाने खाली बसायचे. छप्पर अजून गळतंच आहे.

थोरली लेक माहेरी आली होती. ती बँकेत आहे. तिने मोबाइल हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, भाव शंभरपट झालाय, पण शंभर शेअरांचा मिळून एक केलाय त्यांनी. सुट्टे देऊन नोट घेतल्यासारखं. हातात तेवढंच."

"मग हा खटाटोप कशाला?"

"भाव पार मातीमोल झाला होता. तसाच राहिला असता तर शेअर बाजाराने यादीतून कंपनीचं नावच काढून टाकलं असतं. शिवाय इतक्या स्वस्त शेअरला मोठे लोक हात लावत नाहीत. म्हणून भाव वर दाखवायचा. धंदा होता तिथेच आहे."

"बरं. मग माझे किती?"

तिने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. मीच म्हटलं, "सांगून टाक बाई."

"शंभराला एक. तुमचे ऐंशी, म्हणजे पुरा एकही होत नाही. अशांना पैसे देऊन मोकळं करतात. खात्यात जमा झालेत. शेअर मिळाले तेव्हाच मी म्हटलं होतं, आणखी वीस घेऊन पुरे शंभर करा."

म्हटलं होतं खरं. तेव्हा हे तिच्यावर केवढे उखडले होते. कंपनीने माझ्या हातात दिलेत, बाजारातून विकत घेऊन कोणी मालक होतं का, म्हणाले होते.

"आता एक घेऊ या ना," लेक म्हणाली. "पुढच्या वर्षी तरी सभेत आत सोडतील."

"नको."

त्या पैशांत भाजी आली, वर एक साबण आला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत काही हललंच नाही. साबण फळीवर ठेवला आणि कुकर लावला.

सभेच्या दिवशी हे नेहमीसारखे लवकर उठले. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर येऊन बसले. मी भांडी घासत होते.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर हे ताठ उभे होते.

"तिसऱ्या शेडचं छप्पर गळतं," हे म्हणाले. "ते कधी दुरुस्त होणार?"

थट्टा करतायत असं वाटलं. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी नळ बंद केला, हात पुसले.

"नोंद घेतली आहे," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली आणि हे खाली बसले.